गवत पुढं सरकतंय, मग सावली का नाही?

तो व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअपवर आला असेल. परदेशातलं कुठलंतरी हिरवंगार कुरण, ट्रॅक्टर एक भली मोठी छत्री चाकावर ओढत चाललाय आणि मागनं पन्नास-साठ गाई वरातीसारख्या निघाल्यात. आमच्या गावच्या ग्रुपवर पडल्या पडल्या हसायच्या इमोजींचा पाऊस. एकानं लिहिलं, "आता गाईला गॉगल पण घ्या की ओ." दुसरा म्हणाला, "आमची म्हस एसी पायजे म्हणतीया." मी पण हसलो, खोटं कशाला बोलू.

पण नंतर विचार करत बसलो, कारण त्या छत्रीखालची गोम उन्हाची कमी आणि शेणाची जास्त आहे, आणि शेणाची गोम आपल्या बेळगाव, खानापूर, हुक्केरीकडच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. सुगी झाली की शेतात बकरी बसवायला आपण धनगराच्या मागं फिरतो, त्याला धान्य देतो, पैसे देतो, का तर चार रात्री त्याची मेंढरं आपल्या रानात झोपावीत आणि लेंड्यांचं खत पडावं म्हणून. ती छत्री म्हंजे तेच काम, फक्त दिवसा आणि गाईंकडनं करून घेतलेलं. पण हे समजायला थोडं मागनं सुरुवात करायला पाहिजे.

आधी हे पाळी चराई काय असतंय

आपल्याकडं जनावर सोडलं म्हंजे सोडलं, सकाळी माळावर, दिवस मावळायला घरी. जनावर दिवसभर काय करतं, तर कोवळं शोधत फिरतं आणि काल-परवा जिथं तोंड लावलं तिथंच परत येतं, कारण तिथं नवा कोंब फुटलेला असतो आणि तो गोड लागतो. आता हे उसाला लावून बघा. ऊस तोडला, खोडवा ठेवला, फुटवे आले, आणि ते वीतभर झाले की तुम्ही परत कापले, परत आले परत कापले, तर चौथ्या वेळेला ते खोडकं उठतंय का? बुडात साठवलेलं अन्न संपून जातं. गवताचं डिट्टो तसंच. एकदा चरलं की ते बुडातल्या शिलकीवर पान काढतं, पान मोठं झालं की ती शिल्लक परत भरतं, आणि मधेच कुणी दुसरा घास घेतला की कर्जावर कर्ज. म्हणून माळावर शेवटी फक्त जनावर न खाणारं गवत आणि टणटणी उरते.

उपाय साधा आहे. कुरणाचे तुकडे पाडायचे, त्याला आपण कप्पे म्हणू. आज-उद्या एका कप्प्यात जनावरं, परवा पुढच्यात, आणि चरलेला कप्पा पावसाळ्यात साधारण २५-३० दिवस आणि थंडीत वाढ मंदावली की त्याहून जास्त दिवस बंद ठेवायचा. यालाच पाळी चराई म्हणतात. १९५० च्या दशकात आंद्रे व्हॉयझँ नावाच्या फ्रेंच माणसानं हे गणित नीट मांडलं, पण मूळ कल्पना इतकीच की दुसरा घास लवकर घेऊ द्यायचा नाही. कप्पे पाडायला आता सोलरवरचं झटका मशीन मिळतं, तारेत साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका सोडणारं. (घरची लाइट थेट तारेत सोडणं हा वेगळा प्रकार आहे, त्यानं जनावर मरतं, माणूस मरतो आणि तो गुन्हाही आहे, कृपा करून ते डोक्यातनं काढा.)

सगळं छान, पण अडचण इथं येते. समजा दोन एकर कुरण, पंधरा कप्पे, आणि चिंचेचं झाड एकच, ते पण चौथ्या कप्प्यात. बाकीच्या चौदा कप्प्यांत गाय दुपारी कुठं जाणार?

गाय म्हंजे आतनं पेटलेली चूल

आपण उन्हात चरणाऱ्या गाईकडं बघून म्हणतो, तिला काय होतंय. तिला होतं ते असं. गाईच्या पोटातला मोठा कप्पा, जो शंभर लिटरच्या वर असतो, तिथं वैरण आंबवायचं काम रात्रंदिवस चालू असतं आणि त्या आंबवण्यातनं उष्णता निघते, शेणखताच्या ढिगात हात घातल्यावर लागतो तसा ऊबारा. जितकं जास्त दूध तितकं जास्त खाणं, तितकी चूल मोठी. म्हणजे वीस लिटरची एचएफ (होल्स्टीन, ती काळी-पांढरी परदेशी जातीची दुधाळ गाय) ही मोठ्या जाळाची चूल आहे आणि घरापुरतं दूध देणारी गावठी गाय ही शेगडी. त्यात दुपारचं निरभ्र ऊन अंगावर पडतं ते एका चौरस मीटरला साधारण हजार वॅट, म्हंजे घरातली इस्त्री. गाईच्या पाठीवर एक चालू इस्त्री ठेवून दिली आणि वरनं आपण म्हणतो, खा बाई खा.

माणूस घामानं गार होतो. गाईला घाम येतो पण आपल्या मानानं फार कमी, म्हशीला तर गाईपेक्षाही कमी आणि वर काळं कातडं, म्हणूनच ती डबकं शोधते. मग गाय श्वासावर गार व्हायला बघते. इथंच दुधाचा हिशेब बिघडतो आणि डेअरीत घालणाऱ्याला तो मशीनवर दिसतो. गाय धापा टाकायला लागली की लाळ गळते, त्या लाळेत पोटातली आंबट बाजू मारणारा सोडा असतो तो जमिनीवर सांडतो, पोट आंबट होतं, शिवाय उन्हात ती सुकी वैरण टाळते कारण तीच जास्त ऊब करते, आणि मग दुधाला फॅट लागत नाही. आपण म्हणतो डेअरीवाल्यानं मारलं. कधी मारतही असेल, पण दरवेळी नाही. गाभण राहण्याचं पण तेच, म्हशी उन्हाळ्यात मुका माज करतात, कळतही नाही कधी आला कधी गेला.

हे तपासायला काही मशीन लागत नाही. दुपारी दोनच्या सुमारास जनावर शांत उभं असताना बरगडीमागची कूस बघा, मोबाइलवर ३० सेकंद लावा, किती वेळा वरखाली होते ते मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या वर गेलं की तिला त्रास सुरू झाला, ८० च्या वर म्हणजे चांगलाच, आणि तोंड उघडं, जीभ बाहेर, १२० च्या पुढं म्हंजे आधी सावली-पाणी आणि लगेच डॉक्टर.

३६ चा एप्रिल आणि ३० चा ऑक्टोबर

आता एक गंमत, जी मला स्वतःला खरी वाटली नव्हती. जनावरांच्या उकाड्यासाठी शास्त्रज्ञ नुसतं तापमान बघत नाहीत, तापमान आणि हवेचा दमटपणा एकत्र करून एक आकडा काढतात. त्याला तापमान-आर्द्रता निर्देशांक (इंग्रजीत टीएचआय) म्हणतात, मी नुसता उकाड्याचा आकडा म्हणतो. दुभत्या गाईसाठी तो ७२ च्या वर गेला की त्रास धरतात, भरपूर दुधाच्या गाईला ६८ पासनंच सुरू होतो.

अथणीकडं एप्रिलमधली दुपार घ्या, समजा ३६ अंश आणि हवा कोरडी, दमटपणा २५ टक्के. सूत्रात घातलं की आकडा येतो साधारण ८१. आता खानापूरकडची ऑक्टोबरची दुपार घ्या, पाऊस नुकताच उघडलाय, समजा ३० अंश पण दमटपणा ६५ टक्के. आकडा? परत साधारण ८१. आपल्याला अंगावर फरक वाटतो, ३० म्हंजे काय ऊन आहे का, पण गाईला दोन्ही सारखंच. आणि या आकड्यात थेट उन्हाचा मारा धरलेलाच नाही, तो वेगळा.

माझ्या मते आपल्या भागासाठी अख्ख्या विषयातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि त्या व्हिडिओत ती कुणी सांगणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या कोरडवाहू माळावर गवत असतंय कुठं? पाळी कसली लावणार, दगडांची? तेव्हा जनावर गोठ्यातच बरं. गवत गुडघ्याएवढं आणि ऊन कडक हे दोन्ही एकत्र येतं ते पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटाकडनं नोव्हेंबरपर्यंत. फिरती सावली उन्हाळ्यातली वस्तू वाटते पण आपल्याकडं ती जास्त करून ऑक्टोबरातली आहे. ज्यांचं बोअर नाहीतर नदीच्या पाण्यावरचं गवत आहे त्यांना मात्र मार्चपासनं लागेल. बेळगाव शहराच्या उंचीमुळं, साधारण साडेसातशे मीटर, आपल्याकडं उन्हाळ्यातही रात्र बऱ्यापैकी गार होते आणि रात्र गार झाली की गाय दिवसाची उष्णता टाकून देते, ही आपली कमाई. तिकडं अथणी-रायबागकडं रात्रीचीही तेवढी सुटका नसते.

झाड हाय की ओ, मग हे कशाला?

हा पहिला प्रश्न मला माझ्या काकांनीच केला आणि तो बरोबर आहे. झाडाची सावली सगळ्यात भारी, कुठलंच नेट तिची बरोबरी करत नाही, कारण पानातनं पाणी उडत असतं आणि त्यानं खालची हवाच गार होते. जांभूळ, चिंच, करंज बांधावर असतील तर तोडू नका, नसतील तर आजच लावा.

पण झाड हलत नाही. आणि गाय जिथं सावली तिथं उभी, जिथं उभी तिथं शेण. एक मोठी गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण टाकते. दहा गाई म्हंजे कमीत कमी दोनशे किलो. त्यातला चौथा हिस्सा जरी दुपारच्या सावलीत पडला असं धरलं तरी रोज पन्नास किलो, महिन्याला दीड टन, एकाच झाडाच्या बुडात. तिथं गवत जळतं, चिखल होतो, माश्या वाढतात, त्या राड्यात गाय बसली की कासेला घाण लागते आणि मग दगडी, म्हंजे कासेचा दाह. वर खुरांनी माती दाबून झाडाच्या मुळ्या उघड्या पडतात, चिंच हळूहळू शेंड्याकडनं वाळत येते. आणि ज्या कुरणातनं ते गवत आलं ते कुरण उपाशी, कारण त्याचं खत दुसरीकडंच पडून राहिलं. मग आपण त्या कुरणावर टाकायला युरियाचं पोतं आणतो!

आता तीच सावली रोज हलवली तर रोजचं पन्नास किलो शेण रोज वेगळ्या जागी. महिन्यात तीस जागा. बकरी बसवताना धनगर काय करतो, आज या टोकाला वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) लावली, उद्या त्याच्या शेजारी, परवा त्याच्या पुढं, एकही पट्टा सुटत नाही. कधी बघितलंय का कुणी धनगरानं पंधरा रात्री एकाच जागी बकरी बसवलेली? मालकच भांडायला उठेल.

म्हणून ज्यांना हे जमलंय ते सावली कुठं ठेवायची हे ऊन बघून नाही, गवत बघून ठरवतात. जिथं गवत खुरटं, मुरमाड उघडं पडलंय, तिथं सावली. चांगल्या काळ्या जागेवर मुद्दाम ठेवायची नाही. दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसायला लागतो, आणि शेण पाटीनं वाहून न्यायला कुणी लागत नाही, मजूर मिळतात कुठं हल्ली.

केवढी लागते आणि पडते कुठं

मोठ्या संकरित गाईला ४० ते ५० चौरस फूट सावली धरायची. वीस बाय वीस फुटांचा मांडव म्हंजे ४०० चौरस फूट, आठ ते दहा गाई. यात कंजूषी केली तर सावली नसलेली बरी, कारण कमी सावलीत सगळ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, अंगाची वाफ अंगाला, मारकी गाय मधी आणि गरीब गाय बाहेर. उंची दहा-बारा फूट पाहिजे. बुटका मांडव केला तर खाली वारा खेळत नाही आणि तापलेलं छत पाठीच्या जवळ येतं.

आता भूमितीचा थोडा त्रास देतो. मेच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीच दिसत नाही. त्या दिवशी मांडवाची सावली मांडवाखालीच. पण त्याच दिवशी साडेतीनला बारा फूट उंच मांडवाची सावली जवळजवळ अकरा फूट पूर्वेला सरकलेली असते. ऑक्टोबरच्या मध्यात तर भर दुपारीच ती पाच-साडेपाच फूट उत्तरेला पडते आणि साडेतीनपर्यंत पंधरा-सोळा फूट ईशान्येला जाते. म्हंजे मांडव जर तुम्ही कप्प्याच्या पूर्वेच्या नाहीतर उत्तरेच्या तारेला चिकटून लावला तर दुपारनंतर सावली शेजारच्या कप्प्यात, आणि गाई तारेला तोंड लावून उभ्या, झटका खात, तिकडं बघत. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. मांडव तारेपासनं तेवढा आत, नैऋत्येकडं घ्यायचा.

दुसरं, सावली सरकते हे वाईट नाही. गाई तिच्याबरोबर सरकतात आणि सकाळची ओली जागा दुपारी उन्हात वाळून निघते.

पत्रा की नेट

पत्रा ऊन शंभर टक्के अडवतो पण स्वतः तापतो आणि तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतो, पत्र्याच्या खोलीत मेमध्ये दुपारी झोपलेल्याला हे माहीत आहे. शिवाय जड. फिरत्या मांडवाला नेटच बरं, गरम हवा त्यातनं वर निघून जाते. नेट दुकानात टक्क्यांवर मिळतं, ३५, ५०, ७५, ९०, म्हंजे तेवढे टक्के ऊन अडवतं. आपल्याकडं बरेच जण रोपवाटिकेतलं ५० टक्क्यांचं शिल्लक नेट गोठ्यावर टाकतात. मिरचीच्या रोपाला ऊन पण पाहिजे आणि सावली पण, म्हणून त्याला ५० ठीक. गाईला ७५ च्या खाली घेऊ नका. चांगली सावली अंगावर येणारी उन्हाची आच तिसऱ्या हिश्श्यानं तरी कमी करते. हवेचं तापमान मात्र ती फारसं उतरवत नाही, म्हणून मांडवाखाली थर्मामीटर लावून "काय फरक नाही" म्हणणारे जे आहेत ते चुकीची गोष्ट मोजतायत. गाईची कूस मोजा, थर्मामीटर नको.

सांगाडा जीआय पाइपचा, खाली दोन लांब जाड पाइप घसरपट्टीसारखे, पुढची टोकं वर वळवलेली म्हंजे ओढताना मातीत घुसत नाहीत. नाहीतर जुन्या टायरच्या बैलगाडीचा आस असला तर चाकावर करा, आपल्या ऊसपट्ट्यात मोडक्या गाड्या काय कमी आहेत. चारी कोपऱ्यांत तिरके आधार पाहिजेतच कारण गाई अंग घासणार म्हंजे घासणारच. वेल्डिंगवाल्याला एवढं सांगितलं की तो करतो, ऊसतोड्यांची कोपी कशी चार काठ्या आणि कापडावर दरवर्षी नव्या गावात उभी राहते, त्यात काही रॉकेट सायन्स नाही.

हलवताना एकच गोष्ट जिवाची. शिवारात लोंबणाऱ्या विजेच्या तारा. बारा फुटी लोखंडी सांगाडा घेऊन त्या तारेखालनं जायचंच नाही, लांबचा रस्ता घ्या. आणि झटक्याची तार सांगाड्याला टेकता कामा नये, नाहीतर जनावर एकदा झटका खाल्ला की आठ दिवस त्या मांडवाखाली येत नाही.

वळीव आला की काय?

खरी परीक्षा इथं. एप्रिल-मेचा वळीव तुम्हाला माहीत आहे, चार वाजता आभाळ काळं होतं, सव्वाचारला वारं, साडेचारला कुणाचातरी पत्रा गावाबाहेर. ताणलेलं नेट म्हंजे शीड आहे. ताशी ६० किलोमीटरचा वारा सलग पृष्ठभागावर समोरनं धडकला तर दर चौरस मीटरला साधारण १७ किलोचा रेटा बसतो. नेटमधनं थोडं वारं पास होतं, आणि ते आडवं असल्यामुळं पूर्ण रेटा बसत नाही, पण ४०० चौरस फूट म्हंजे सदतीस चौरस मीटर होतात, तुम्हीच गुणाकार करा.

आमचं नेट पहिल्याच वर्षी गेलं. मी हुशारी करून बाइंडिंग वायरनं चारी बाजूंनी आवळून बांधलं होतं, काय हलत नाही म्हणून शेजाऱ्याला दाखवलं पण होतं. वळीव आला, वायरनं नेट कडेकडेनं करकरा फाडलं, आणि उरलेलं सगळं जाऊन पडलं त्याच शेजाऱ्याच्या उसात. सांगाडा पण एका बाजूनं उचलून कलला. तेव्हापासनं नायलॉन दोरीनं सुरगाठी मारतो, एक टोक ओढलं की गाठ सुटते, आणि आभाळ भरलं की दोघं मिळून दहा मिनिटांत नेट गुंडाळून ठेवतो. सांगाड्याच्या चारी कोपऱ्यांना जमिनीत पहार ठोकून दोरी. ज्यांना वेळेवर शेतात पोचणं शक्य नाही, नोकरीवाले वगैरे, त्यांनी वळवाच्या दिवसांत रोज दुपारी चारनंतर नेट काढलेलंच बरं. विजा असतील तर एकट्या झाडाखाली नाही तसं लोखंडी मांडवाखाली पण जनावर ठेवायचं नाही.

आणि जून ते ऑगस्ट खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जो पाऊस असतो त्यात या मांडवाचं कामच नाही, नेट घडी करून माळ्यावर टाकायचं. उंदरांपासनं सांभाळा.

आपली खिलार दिवसभर उन्हात औत ओढती, तिला कुठं छत्री होती?

हा दुसरा प्रश्न, आणि यात पण तथ्य आहे. खिलार, देवणी, आपली गावठी, यांची कातडी सैल, केस आखूड, घाम जास्त, आणि आतली चूल लहान. खिलारीचा पांढरा रंग ऊन परतवतो. तिचा श्वास मोजा आणि शेजारच्या एचएफचा मोजा, एकाच दुपारी एकाच रानात, तुम्हालाच कळेल. पण गेल्या वीस-तीस वर्षांत गोठ्यात काय बदललं ते बघा की. खिलारीच्या दाव्याला आता एचएफ नाहीतर जर्सी आहे. जनावर बदललं, दुपार तीच राहिली. तुमच्याकडं फक्त खिलारी असतील तर खरंच यात पडू नका. मात्र म्हशी गावठी आहेत म्हणून त्यांना चालतंय असं समजू नका, धारवाडी असो की पंढरपुरी, म्हशीला सावली नाहीतर डुंबायला पाणी दोन्हीतलं एक लागतंच.

आणि औत ओढणारे बैल पण आपले आजोबा अकरा-साडेअकराला सोडायचेच की, झाडाखाली वैरण टाकून. उन्हं कलल्यावर परत जुंपायचे. त्यांनी उकाड्याचा आकडा काढला नव्हता एवढंच.

मग सावलीत बसूनच राहतील, चरणार कधी?

गाय तशीही भर दुपारी चरत नाही, गरमीत ती पहाटे आणि संध्याकाळी चरते आणि मधे रवंथ करते. सावली नसली तर ती त्या वेळात चरत नाही, नुसती उभी राहून धापा टाकते, रवंथ पण धड होत नाही. त्यामुळं नवीन कप्पा दुपारी उघडण्यापेक्षा संध्याकाळी चार-पाचला उघडा, ताजं गवत आणि गार वेळ एकत्र मिळते आणि पोटातल्या आंबवण्याची ऊब रात्री निघते. मांडव पण त्याच वेळी हलवायचा. बैलजोडी असली तर जोडी लावा, नाहीतर छोटा ट्रॅक्टर.

माझ्याकडं एकच एकर, मी काय करू

स्पष्ट सांगतो, निपाणी-चिक्कोडीच्या ऊसपट्ट्यात ज्यांची जनावरं बारा महिने गोठ्यात बांधून वाडं आणि कडबा खातात त्यांना हा सगळा लेख गरजेचा नाही, त्यांनी गोठ्याची उंची वाढवावी आणि वारा खेळता ठेवावा. ज्यांचं कुरण घराला लागून आहे त्यांनी पण मांडव करायचा खर्च करू नये, सकाळी सहा ते दहा चरवा, दहाला गोठ्यात आणा, चारनंतर परत सोडा, झालं काम. शेण मग गोठ्यात पडेल आणि उकिरड्यावर जाईल, तेवढं वाहून न्यावं लागेल.

मांडव खरा उपयोगाचा आहे तो ज्यांचं गवत घरापासनं लांब आहे, दुपारी ने-आण परवडत नाही, पाच-सहाच्या वर संकरित गाई आहेत, आणि रान मुरमाड आहे, त्यांना. खानापूरकडं, बेळगावच्या पश्चिमेला, हुक्केरीच्या माळांवर असे बरेच आहेत. मोठं करायच्या आधी एक वर्ष चार बांबू आणि दहा बाय दहा नेटवर दोन गाईंपुरतं करून बघा.

हेच दाव्याला बांधून चारणाऱ्यांनाही लागू. उलट त्यांना जास्तच, कारण सुट्टं जनावर निदान बांधावरच्या बाभळीकडं तरी जातं, खुंटीला बांधलेलं दोरीएवढ्याच गोलात दिवसभर उन्हात फिरत राहतं. एका खुंटीला एक छोटा मांडव, खुंटी हलली की मांडव हलला.

राहिलं पाणी

गरमीत दुभती गाय दिवसाला ८०-१०० लिटर पण पिते. पाणी मांडवाच्या जवळ ठेवा पण खाली नको, खाली ठेवलं की सांडून चिखल आणि मारकी गाय तिथंच ठाण मांडते, बाकीच्यांना पिऊ देत नाही. पंधरा-वीस पावलांवर टप. आणि ती काळी पाइप उघड्यावर उन्हात पसरू नका ओ. आमच्याकडं शंभर फूट पाइप दिवसभर उन्हात पडलेली असायची, दुपारी गाई टपात तोंड घालायच्या आणि परत काढायच्या, मला वाटलं पाण्याला वास येतोय, टप दोनदा घासून काढला. शेवटी सहज नळ सोडून हात धरला तर चटका बसला, चहा करायचं पाणी येत होतं. आता पाइप गवतातनं नेतो आणि भरायच्या आधी पहिलं बादलीभर पाणी ओतून देतो.